मूड चार्टवर सगळेच हसरे चेहरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात शाळेतल्या मुलांच्या ताणतणावावर अख्खं पान आलं होतं, आवडलं, कात्रण काढून ठेवलंय. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईचना म्हणून हे पत्र, तेही मोबाईलवर टाईप करतेय त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा. त्या पानावर मुलं होती, पालक होते, परीक्षा होत्या, मोबाईलचं व्यसन होतं, मानसोपचारतज्ज्ञही होते. शिक्षक फक्त एका ओळीत होते. काय तर म्हणे शिक्षकांनी मुलांच्या भावना समजून घ्यायला हव्यात. हव्यातच ना, नाही कोण म्हणतंय! पण शिक्षकांनाही भावना असतात, त्या कोणी समजून घ्यायच्या आणि कुठल्या पिरियडला, एवढंच मला विचारायचंय.

मी एकोणीस वर्षं गणित शिकवतेय, पाचवी ते आठवी. म्हणजे ज्या विषयाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात तोच माझा, त्यामुळे भीती, लाज, राग, रडू हे सगळं मी रोज समोर बघते, त्यासाठी मला वेगळी पीपीटी लागत नाही. तरी पीपीटी झालीच. आमच्या शाळेत सोशल इमोशनल लर्निंगचं, ज्याला आता सगळे एसईएल म्हणतात, एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. सकाळी दहाला बसलो ते संध्याकाळी पाचला उठलो. स्वतःच्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती टिकवणं आणि विचार करून निर्णय घेणं अशी पाच कौशल्यं त्यात सांगितली. ही मांडणी अमेरिकेतल्या कासेल नावाच्या संस्थेची आहे, १९९४ साली स्थापन झाली ती, आणि मांडणी चांगली आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गंमत अशी की सहानुभूतीवरची स्लाईड चालू असताना मागच्या रांगेतल्या एक बाई मान खाली घालून पेपर तपासत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी मार्क भरायची शेवटची तारीख होती, आणि ट्रेनरनी त्यांना माईकवरून सगळ्यांसमोर टोकलं. पन्नाशीच्या बाई, कानापर्यंत लाल झाल्या. पाचला सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, त्यांनाही.

त्या ट्रेनिंगमधून आमच्याकडे मूड चार्ट आला. वर्गाच्या दाराशी पाच चेहरे चिकटवायचे, हसरा, शांत, रडका, चिडलेला, थकलेला, आणि आत येताना प्रत्येकानं आपल्या नावाचा क्लिप आपल्याला वाटेल त्या चेहऱ्याखाली लावायचा. पहिल्या दिवशी क्लिप सगळीकडे पसरले होते, मला फार भारी वाटलं, मी लगेच रडक्याखाली ज्यांचे क्लिप होते त्या तिघांना उभं करून प्रेमानं विचारलं काय झालं रे. चौथ्या दिवशी सगळेच्या सगळे क्लिप हसऱ्याखाली. पन्नास मुलांचा वर्ग आणि पन्नासच्या पन्नास आनंदी! मला वाटलं वा, काय इफेक्ट आहे. शेवटी एका मुलानं मधल्या सुट्टीत खरं काय ते सांगितलं, "बाई, रडका लावला की तुम्ही सगळ्यांसमोर विचारता. हसरा लावला की डायरेक्ट आत जाता येतं."

घ्या. सातवीतल्या पोरानं आमच्या अख्ख्या ट्रेनिंगचा निकाल एका वाक्यात लावला.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सगळ्यांसमोर विचारणं बंद केलं, ज्याला बोलायचंय तो वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहील आणि मी वही तपासताना वाचेन, उत्तर तिथंच देईन. दुसरं, स्वतःच्या नावाचा क्लिप बनवला. एक दिवस खरंच डोकं ठणकत होतं, घरी रात्रभर जागरण झालं होतं, तर मी तो थकलेल्या चेहऱ्याखाली लावला आणि म्हटलं, आज माझा आवाज चढला तर तो तुमच्यामुळे नाही, डोकेदुखीमुळे, आधीच सांगून ठेवते. वर्ग जरा वेळ चिडीचूप. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू क्लिप हलायला लागले. सगळं सुधारलं वगैरे अजिबात नाही हं, शेवटच्या बाकावरच्या दोघांनी त्याच दिवशी कंपासपेटीवरून मारामारी केली आणि माझा आवाज व्हायचा तो चढलाच. पण निदान चार्ट खोटं बोलायचा थांबला.

मला वाटतं सगळा मुद्दा इथंच आहे. आपली बाई माणूस आहे, तिलाही राग येतो, आणि राग आल्यावर ती काय करते हे मुलं दिवसातले पाच-सहा तास बघत असतात. चाळीस मिनिटांच्या तासात शिकवलेली भावनांची नावं एकीकडे आणि हे बघणं दुसरीकडे, त्यात बघणंच जिंकणार. म्हणून मला जी मुलांसाठीची योजना दाखवतात तिच्यात मी आधी एकच शोधते, शिक्षकासाठी काय आहे. बहुतेक वेळा एक फॉर्म असतो.

स्वतःचीच एक गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते पण सांगते. एके दिवशी ऑनलाईन माहिती भरायला उशीर झाला म्हणून मला ऑफिसात बोलावून, शिपाईमामा आणि दोन पालकांसमोर, चांगलं झापलं होतं. चूक माझी नव्हती, सर्व्हर बंद होता, पण ते ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता. तिथून सरळ मी सातवीच्या वर्गात गेले आणि घटक चाचणीचे पेपर वाटले. एका मुलाला वीसपैकी तीन होते. त्यानं पेपर बघितला, चार घड्या घातल्या आणि माझ्यासमोर टर्रकन फाडला. मी काय केलं? ऑफिसात मला जे मिळालं होतं ते सव्याज त्याला दिलं. उभा रहा, उद्धट, आईवडिलांना घेऊन ये, बाहेर हो. तो गेला बाहेर. तास संपल्यावर बघितलं तर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि हातात ते तुकडे तसेच मुठीत होते, टाकले नव्हते. ते तुकडे मुलं टाकून देत नाहीत हो, फाडतात पण टाकत नाहीत, हे इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं मी. त्याला राग माझा नव्हताच आला, त्याला तीन मार्कांची लाज वाटली होती आणि लाजेला बाहेर पडायला तेवढीच एक वाट दिसली. हे मला त्या क्षणी कळलं असतं का? ऑफिसातून आले नसते तर कदाचित कळलं असतं.

आता कोणी म्हणेल या बाई एका अनुभवावरून बोलतायत. तर थोडं वाचलंय तेही सांगते. कॅनडात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सतरा वर्ग आणि चारशेच्या वर मुलं. मुलांच्या लाळेतून सकाळचं कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे ताणाशी संबंध असलेलं हार्मोन, आणि शिक्षकांना त्यांच्या थकव्याबद्दल, बर्नआउटबद्दल प्रश्न विचारले. ज्या वर्गाचे शिक्षक जास्त थकलेले त्या वर्गातल्या मुलांचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. यात कोणामुळे कोण हे सिद्ध होत नाही, दंगेखोर वर्गामुळे शिक्षक थकत असतील असंही असू शकतं, अभ्यास करणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही. पण दोघांचा ताण एकमेकांना चिकटलेला असतो एवढं तर दिसतं. मग औषध एकट्या मुलाला देऊन कसं चालेल.

दुसरा अभ्यास डर्लक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०११ चा. हा एसईएलवाले सगळेच सांगतात, आमच्या ट्रेनिंगमध्येही स्लाईडवर होता. एकूण २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ विद्यार्थी एकत्र धरून बघितलं तर अशा कार्यक्रमांतल्या मुलांची अभ्यासातली प्रगती बाकीच्यांपेक्षा ११ पर्सेंटाईलनं जास्त निघाली. स्लाईड इथंच संपली होती. त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही, की अभ्यासातला हा फायदा शाळेतल्याच माणसांनी कार्यक्रम चालवला तिथंच ठळक दिसला, बाहेरून येऊन शिकवून गेलेल्यांच्या बाबतीत तसा दिसला नाही. म्हणजे घूमफिरके गाडी परत आमच्याच दारात. आम्हीच करायचं असेल तर आम्हाला ते करण्याच्या अवस्थेत ठेवणं हाही कार्यक्रमाचाच भाग झाला ना?

आणि उगाच सगळं गोड गोड सांगू नये म्हणून हेही सांगते की सगळेच प्रयोग यशस्वी होत नाहीत. ब्रिटनमध्ये ८५ शाळा आणि आठ हजारांहून जास्त मुलं घेऊन माइंडफुलनेसचा मोठा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. वर्गात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं वगैरे. नेहमीच्या पद्धतीपेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात काहीही फरक पडला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यांबरोबर बसवून डोळे मिट म्हटलं की तो एक डोळा उघडाच ठेवणार. पण त्याच प्रयोगात शिक्षक आधी स्वतः ते शिकले होते आणि त्यांचा थकवा सुरवातीला तरी थोडा कमी झाला होता. याची बातमी फारशी झाली नाही. होणार कशी, शिक्षकाचा थकवा कमी झाला ही काय बातमी आहे.

आमच्या कामात एक अदृश्य काम असतं. आर्ली हॉक्शील्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या एअरहोस्टेसचा अभ्यास करून त्याला भावनिक श्रम असं नाव दिलं, आत काहीही चाललेलं असो, चेहरा पगाराप्रमाणे ठेवायचा. शिक्षकाचं वेगळं काय आहे? राग आला तरी शांत चेहरा, रडू आलं तरी हसरा. आणि हे फुकटात होत नाही. भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबून ठेवायला डोक्याची ताकद खर्च होते, जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असं दिसलंय की असं दाबून ठेवताना समोर जे घडतं, जे ऐकू येतं, ते कमी लक्षात राहतं. मला तर हे वाचून एकदम उलगडा झाला, कधीकधी तासानंतर मला आठवतच नाही कोणत्या मुलानं काय विचारलं होतं, आणि मी समजत होते वय झालं.

उलट भावनेला शब्द दिला तर ती जरा उतरते. २००७ मध्ये लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या भागाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा जो भाग आहे त्याची, हालचाल कमी होते. यात आपल्या भाषेचा किती फायदा आहे बघा. मुलं सगळ्याला "बोअर होतंय" नाहीतर "टेन्शन आलंय" म्हणतात. मी फळ्यावर लिहून दिलं, हिरमुसणं, खट्टू होणं, धास्ती, चडफड, ओशाळणं, हुरहूर, घुसमट, वैताग. एवढे शब्द असताना पोरं दोनच शब्दांवर दिवस काढतायत! त्या पेपर फाडणाऱ्या मुलानंच नंतर वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं "मी ओशाळलो होतो". गणिताच्या वहीत. मी त्याला खाली लिहिलं, मीपण. यासाठी वेगळा पिरियड लागला नाही.

खरं तर बऱ्याच गोष्टींना वेगळा पिरियड लागत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो हे मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात मोजलं, सरासरी एक सेकंदच्या आसपास. एक सेकंद! तेवढ्यात मुलाच्या तोंडातून "अं" सुद्धा निघत नाही. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलतात. मी करून बघितलं, तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, घाम फुटतो अक्षरशः, पण कोपऱ्यातल्या एका मुलीचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला, अर्धं वर्ष संपल्यावर. आता हेही बघा की पोर्शन पूर्ण करायचं प्रेशर असताना तीन सेकंद परवडतात का. पन्नास मुलांच्या वर्गात, तासात वीस प्रश्न विचारायचे असताना, वरून तपासणी होणार असताना? नाही परवडत. म्हणून म्हणते, शिक्षकाला सपोर्ट म्हणजे प्रेरणादायी भाषण नकोय, शिक्षकाला वेळ पाहिजे. दोन फॉर्म कमी करा, बाकीचं आम्ही बघतो.

आणि दुसरं, चूक कोणाची हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवणारा एखादा तरी माणूस शाळेत पाहिजे. १९६८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातले डॉ. जेम्स कोमर यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन गरीब वस्तीतल्या, निकाल अगदी खालचे असलेल्या शाळा हातात घेतल्या. मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि मानसिक आरोग्याचं काम करणारी माणसं एकत्र बसायची, आणि नियम काय होता तर दोष द्यायचा नाही, पुढे काय करायचं तेवढंच बोलायचं. पालक म्हणणार नाहीत शिक्षक वाईट, शिक्षक म्हणणार नाहीत घरचं वळण नाही. काही वर्षांत दंगा कमी झाला, हजेरी वाढली, निकाल सुधारले. एसईएल हे नाव तेव्हा नव्हतंही. आमच्याकडे मीटिंगचं पहिलं वाक्यच "हे कोणामुळे झालं" असं असतं, माझ्यामते तिथूनच सगळं बिघडतं.

पालकांचंही सांगते थोडं. काही जण म्हणतात आमच्या वेळी कुठं होतं हे, छडी होती आणि आमचं काय वाईट झालं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त विचारते की तुमच्या गणिताच्या बाई आठवतात का. आठवतात. काय आठवतं? कोणीच अपूर्णांक सांगत नाही, सगळे त्या बाई कशा ओरडायच्या किंवा कशा जवळ घ्यायच्या हेच सांगतात.

एका गोष्टीचा मात्र मला धाक वाटतो, ती म्हणजे याला मार्क देणं. ऐकतेय की काही ठिकाणी मुलांच्या सहानुभूतीला ग्रेड देतात. अहो मग मुलगा सहानुभूतीचीपण प्रॅक्टिस करेल, आणि ज्याच्या घरी रोज भांडणं आहेत त्याला "भावनिक नियंत्रण : सी" असा शेरा घेऊन त्याच घरी पाठवणार का आपण? तसंच शिक्षकाला काउन्सेलर समजू नका. मी ऐकू शकते, धीर देऊ शकते, पण एखादं मूल स्वतःला इजा करतंय किंवा जगायचं नाही असं बोलतंय तर ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथं शिकलेला माणूस पाहिजे आणि तो शाळेत किंवा निदान एका फोनवर मिळायला पाहिजे. वहीच्या मागच्या पानावर असं काही आलं तर पुढे कोणाकडे जायचं हे मला आजही लेखी कोणी सांगितलेलं नाही, आणि ट्रेनिंगच्या एवढ्या स्लाईड्समध्ये ही एक स्लाईड नव्हती.

माझ्याबरोबरची एक मैत्रीण आहे, भाषा शिकवते, तिच्या घरी सध्या मोठं आजारपण आहे. मधल्या सुट्टीत ती नळावर जाऊन तोंड धुते, मग डोळे लाल दिसू नयेत म्हणून जरा वेळ तिथंच उभी राहते. परवा मी शेजारी जाऊन उभी राहिले, काही बोलले नाही, तीही नाही बोलली. बेल झाली तशी पदरानं तोंड पुसून ती वर्गात गेली. टाइमटेबलप्रमाणे तिचा पुढचा तास भावना व्यवस्थापनाचा होता.

पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा एखाद्या शिक्षकाला आधी फोन करा, उपदेश करायला नको, नुसतं विचारायला. आणि कृपया माझं नाव छापू नका, उगाच त्याचाही लेखी खुलासा द्यावा लागेल.

आपली,
गणिताची एक शिक्षिका